धुराचा पत्ता

आपल्याकडे तर्कशास्त्र शिकायला बसलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी जे उदाहरण भेटते, ते डोंगरावरच्या धुराचे. दूर डोंगरावर धूर दिसतो आहे. जेथे धूर तेथे आग, हे तर आपण स्वयंपाकघरात नित्य पाहतो. तेव्हा त्या डोंगरावर आग लागलेली असली पाहिजे. इतके सरळ अनुमान! पण त्याच शास्त्राने पुढे एक इशाराही देऊन ठेवला आहे. डोंगरावर दिसते ते धुके असेल किंवा उडालेली धूळ असेल आणि तुम्ही तिलाच धूर समजून बसलात, तर तुमचे सारे अनुमान फुकट जाईल.

दादरला राहणाऱ्या माणसाची अडचण याहून निराळी आहे. त्याला धूर दिसतो, पण डोंगर दिसत नाही. थंडीच्या दिवसांत पहाटे गॅलरीचे दार उघडावे, तो समोरच्या इमारती करड्या पडद्याआड गेलेल्या असतात. घसा खवखवतो. शिवाजी पार्कला फेऱ्या मारायला गेलेले आजोबा निम्म्यातूनच परत येतात. ‘आज काय सुंदर धुके पडले आहे!’ असे सूनबाई म्हणतात, तर ‘धुके कसले, धूर आहे तो!’ असे मामंजी खोकत खोकत सांगतात. मग हा धूर कुणाचा, यावर चहा संपेपर्यंत वाद रंगतो. कुणाला तो देवनारचा वाटतो, कुणाला चेंबूरच्या कारखान्यांचा, कुणाला रस्त्यावरच्या मोटारींचा. आणि वर्तमानपत्र हाती असलेले चिरंजीव पंजाबातल्या शेतकऱ्यांच्या माथी सारा दोष मारून मोकळे होतात.

या वादात साक्ष देऊ शकेल असा एक साक्षीदार गेली कित्येक वर्षे आपल्या डोक्यावरून फिरतो आहे. तो म्हणजे कृत्रिम उपग्रह. त्याची साक्ष कशी घ्यायची आणि तिच्यावर कितपत विसंबायचे, एवढेच आज पाहू.

चिमणीला नाव होते

दादर-परळच्या जुन्या मंडळींना हा प्रश्न कधी पडलाच नसता. तेव्हा धुराला पत्ता होता. कोहिनूर गिरणीची चिमणी कोणती, इंदू मिलची कोणती, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. वाळत घातलेल्या धोतरावर काजळी बसली, की गृहिणी चिमणीकडे बोट दाखवूनच त्या गिरणीचा उद्धार करीत असे. मुंबई सरकारने १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध खास कायदा केला, तोही याच चिमण्यांवर नजर ठेवून. चिमणीच्या धुराचा काळेपणा ठरविण्यासाठी त्या काळी जगभर एक साधा तक्ता वापरीत. त्यावर फिकट करड्यापासून काळ्या रंगापर्यंतच्या छटा छापलेल्या असत. तपासनीस तो तक्ता धरून चिमणीकडे पाही आणि कोणत्या छटेशी धूर जुळतो ते टिपून घेई. झाली मोजणी!

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे एकेक करीत चिमण्या थंड पडत गेल्या. त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. काजळी गेली असे लोकांना वाटले. पण धूर काही गेला नाही. गेला तो त्याचा पत्ता. आता तो हजार ठिकाणांहून थोडाथोडा येतो, एकमेकांत मिसळतो, आणि ‘मी अमक्याचा’ असे त्याच्या कपाळावर लिहिलेले नसते.

पत्ता नसलेला धूर माणसाला कसा चकवतो, याचे एक मोठे उदाहरण १९५० सालचे आहे. त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस स्कॉटलंड-इंग्लंडातल्या लोकांना सूर्य चक्क निळा दिसला! लोक घाबरले, नाना तर्क लढविले गेले. खरे कारण अटलांटिक महासागराच्या पलीकडे होते. कॅनडाच्या पश्चिम भागातील अरण्यांत प्रचंड वणवे पेटले होते आणि त्यांचा धूर उंच वाऱ्यांवर स्वार होऊन युरोपात पोचला होता. धुराचा हा प्रवास शास्त्रज्ञांना वैमानिकांच्या नोंदी आणि वाऱ्यांचे नकाशे जुळवून शोधावा लागला. आज तेच काम उपग्रहाचे एखादे चित्र पुढे ठेवून होते.

वरून धूर कसा ओळखतात?

पहिला हवामान-उपग्रह ‘टायरॉस-१’ हा १ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेने सोडला. त्याची चित्रे अंधूक होती, ढगांचे पुंजके तेवढे ओळखू येत. आज या कामावर दोन प्रकारचे पहारेकरी आहेत.

पहिला प्रकार एका जागी बसून पहारा करणाऱ्यांचा. आपले इन्सॅट मालिकेतील उपग्रह त्यांतले. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ते पृथ्वीच्याच गतीने फिरतात, त्यामुळे आपल्याला ते आकाशात एका ठिकाणी खिळल्यासारखे असतात. २०१६ सालचा ‘इन्सॅट-३डीआर’ आणि २०२४ सालचा ‘इन्सॅट-३डीएस’ हे अशा प्रकारचे. अर्ध्या अर्ध्या तासाने ते साऱ्या देशाचे चित्र पाठवू शकतात. मात्र इतक्या उंचीवरून बारकावा फारसा दिसत नाही.

दुसरा प्रकार गस्त घालणाऱ्यांचा. हे सातआठशे किलोमीटर उंचीवरून ध्रुवाकडून ध्रुवाकडे फेऱ्या मारतात आणि ठरावीक वेळी आपल्या डोक्यावरून जातात. त्यांना बारीक दिसते, पण ते क्षणभरच येतात. चौकात बसलेला शिपाई आणि रात्री काठी आपटत जाणारा गुरखा यांच्यात जो फरक, तोच या दोघांत.

आता वरून पाहताना आग कशी सापडते? अंधाऱ्या खोलीत उदबत्ती पेटलेली असली, तर तिचे टोक मोहरीएवढे असूनही खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिसते. उपग्रहालाही तसेच दिसते. फक्त तो आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत पाहतो. पृथ्वीचे चित्र तो आलेखाच्या कागदासारखे चौकोनांत विभागून घेतो. काही उपग्रहांत आगीसाठीचा हा चौकोन एक किलोमीटर बाजूचा असतो, तर २०११ नंतरच्या ‘व्हीआयआयआरएस’ या उपकरणात ३७५ मीटरचा. चौकोनाच्या अगदी लहानशा भागात आग असली, तरी सारा चौकोन शेजाऱ्यांपेक्षा उठून दिसतो.

आणि धूर? तेथे आपल्या तर्कशास्त्र्यांचा इशारा आठवावा लागतो, कारण धूर, धुके आणि धूळ वरून पाहिली तरी फसवणूक करतातच. पण त्यांना वेगळे करण्याच्या युक्त्या आहेत. धुके वरून पांढरे स्वच्छ व सपाट दिसते आणि ऊन चढले की विरते. धुराचे कण फार बारीक, म्हणून तो वरून निळसर करडा दिसतो. धुळीचे कण जाड, तिची छटा पिवळसर. याहून मोठी गंमत अशी की, ठरावीक लांबीच्या अवरक्त लहरींना धूर जवळजवळ पारदर्शक असतो. त्या लहरींत पाहिले की धुराचा पडदा बाजूला सारल्यासारखा होतो आणि खालची आग उघडी पडते. ढग आणि धूळ मात्र तेथेही आड येतात. एकच जागा अशी वेगवेगळ्या ‘चष्म्यांतून’ पाहायची आणि मग निवाडा करायचा.

मुंबईकरांना याचा प्रत्यय २३ जानेवारी २०२२ च्या रविवारी आला. सारे शहर पांढुरक्या पडद्याखाली गेले आणि उभ्या मोटारींवर पिठासारखी भुकटी साचली. कुणाला धुके वाटले, कुणाला धूर. प्रत्यक्षात ती धूळ होती! पाकिस्तानच्या बाजूने उठलेले धुळीचे वादळ अरबी समुद्र आणि गुजरात ओलांडून येथवर येऊन थडकले होते. उपग्रहाच्या चित्रांत त्याचा पिवळट पट्टा दिसत होता. त्या दिवशी जर कुणी शेजारच्या कारखान्यावर मोर्चा नेला असता, तर बिचाऱ्याची नाहक बदनामी झाली असती.

आपलाच केर, आपलाच धूर

पण प्रत्येक वेळी दोषी इतका दूरचा नसतो. २०१६ च्या जानेवारीच्या अखेरीस देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली. ती कित्येक दिवस धुमसत राहिली. गोवंडी, मानखुर्द, चेंबूर भागांत दिवसा दिवे लावावेत असा धूर दाटला, आसपासच्या शाळांना सुटी द्यावी लागली. त्याच सुमारास ‘लॅण्डसॅट-८’ हा गस्तीचा उपग्रह मुंबईवरून गेला आणि त्याने या आगीचे चित्र टिपले. अमेरिकेच्या नासा संस्थेने ते प्रसिद्ध केले. चित्रात सबंध मुंबई तळहाताएवढी, आणि तिच्या कुशीतून निघालेला धुराचा फराटा मात्र स्पष्ट! पत्त्याबद्दल शंका घ्यायला जागाच उरली नाही. मार्च महिन्यात तेथे पुन्हा आग भडकली.

देवनारची ही जागा १३२ हेक्टरांची. १९२७ पासून मुंबईचा केर तेथे पडत आला आहे. त्याच्याही आधी चेंबूरच्या बाजूला केर वाहून नेण्यासाठी आगगाडीचा फाटा घातला होता. कुर्ल्याहून चेंबूरला जाणारी उतारूंची गाडी त्यावर १९२४ पासून धावू लागली. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे शहराने आपले उष्टे-खरकटे पूर्वेच्या खाडीकडे ढकलले आहे. अलीकडे त्यातला मोठा हिस्सा कांजूरमार्गला जातो, एवढाच काय तो फरक.

तेथे आग लागते तरी कशी, असे कुणी विचारील. आपण भाजीची देठे, शिळा भात, नारळाची करवंटी, प्लॅस्टिकची पिशवी असे सारे एकत्र बांधून देतो. ते ढिगात दडपले जाते, आत हवा पोचत नाही, आणि ओला भाग कुजून त्यातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू निघतो. ढीग आतून तापतो. मग एखादी ठिणगी पुरते. ही आग वरून विझली तरी आत धुमसत राहते, म्हणून बंबवाल्यांना दिवसेन्‌दिवस झुंजावे लागते. मिथेन डोळ्यांना दिसत नाही, पण तोही उपग्रहांना सापडतो. ब्युनॉस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई येथील कचऱ्याच्या ढिगांतून किती मिथेन निघतो, याचा उपग्रहांवरून केलेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. धूर दिसण्याआधीच इंधनाचा ठावठिकाणा सांगणारी ही सोय आहे.

त्या डोंगराच्या पायथ्याशी माणसे राहतात. २००९ च्या मुंबईच्या मानवविकास अहवालात तो एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत खालच्या पायरीवर होता. दादरच्या घरातून सकाळी सात वाजता बाहेर पडलेल्या पिशवीचा धूर तेथल्या पोराच्या छातीत जातो. उपग्रहाच्या चित्रात वॉर्डांच्या सीमा आखलेल्या नसतात, म्हणूनच ते चित्र पाहणे आपल्याला थोडे जड जाते.

आणि वारा तर सीमा मुळीच मानत नाही. दादरपासून देवनार सरळ रेषेत दहा-अकरा किलोमीटर, ईशान्येला. थंडीच्या दिवसांत दुपारी समुद्रावरून जमिनीकडे वारा वाहतो, तेव्हा तिकडचा धूर नव्या मुंबईच्या दिशेने जातो. मध्यरात्रीनंतर जमीन समुद्रापेक्षा थंड होते आणि वारा उलटतो. ईशान्येकडून येणारी ती मंद झुळूक ताशी दहा किलोमीटरने चालली, तरी तासाभरात देवनारचा धूर दादरला आणून सोडू शकते. त्यातच पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार असली, की भांड्यावर झाकण ठेवल्यासारखे होते. धूर वर जाऊ शकत नाही, नाकाच्या उंचीवरच घुटमळतो. आजोबांची फेरी निम्म्यात का राहते, याचे हे एक उत्तर.

रानातला वणवा आणि शेतातली आग

मुंबईबाहेर पाहिले, तर या साक्षीदाराचा उपयोग अधिकच मोलाचा ठरतो. गडचिरोलीच्या रानात फेब्रुवारीपासून उन्हाळाभर वणवे लागतात. मोहाची फुले खाली पडली म्हणजे दिसावीत, म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात. आग पसरली की आवरत नाही. पूर्वी टेकडीवरून धूर दिसला तरच वनरक्षकाला कळे. आता उपग्रहाने टिपलेला तापलेला चौकोन हैदराबादजवळच्या शादनगर येथील केंद्रात उतरतो, देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था तो वनाच्या नकाशावर बसवते, आणि त्याची वर्दी वनरक्षकाच्या मोबाईलवर येते. ही व्यवस्था २००४ पासून चालू आहे. वर्दी येते आकाशातून. पण जाळरेषा काढायला आणि ओल्या फांद्यांनी आग झोडपायला शेवटी माणसालाच पायी जावे लागते!

आता पंजाबच्या शेतकऱ्यांबद्दल. भाताची कापणी झाली की गव्हाच्या पेरणीसाठी त्यांच्या हाती थोडेच दिवस उरतात, म्हणून ते शेतातला पेंढा जाळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उपग्रहाच्या चित्रात पंजाब-हरियाणावर लाल ठिपक्यांची रांगोळीच पडते. तो धूर बहुधा गंगेच्या मैदानाकडे जातो आणि दिल्लीला त्याचा जाच होतो. मुंबईच्या सकाळच्या धुराचा दोष मात्र तेथपर्यंत नेणे सहसा टिकत नाही. तेव्हा चिरंजीवांनी आपला आरोप मागे घ्यावा, हे बरे.

याच प्रकरणात साक्षीदाराची एक उणीवही उघड झाली. आगी मोजणारे गस्तीचे उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात. अलीकडच्या वर्षांत आगींचे ठिपके कमी दिसू लागले, पण धूर काही त्या मानाने कमी होईना! २०२४ साली नासातील शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी दक्षिण कोरियाच्या एका जागी बसून पाहणाऱ्या उपग्रहाची चित्रे तपासून दाखविले, की पुष्कळशी जाळपोळ आता गस्त निघून गेल्यावर, दुपार कलल्यावर होते. गुरखा गेला की खिडकीतून उडी मारणारा चोर आपल्याला नवा नाही.

साक्षीदाराच्या मर्यादा

म्हणून उपग्रह म्हणेल ते ब्रह्मवाक्य, असे मानून चालणार नाही. पावसाळ्यात ढगांखालचे त्याला दिसत नाही. तो वरून खालपर्यंतचा सारा धूर एकत्र मोजतो; त्यातला किती आपल्या नाकाशी आहे आणि किती दोन किलोमीटर उंचीवर आहे, हे नुसत्या चित्रावरून कळत नाही. त्यासाठी २००६ ते २०२३ या काळात ‘कॅलिप्सो’ नावाचा उपग्रह लेसरचा झोत खाली सोडून धुराचे थर उंचीनुसार मोजत असे. शिवाजी पार्कची लाल माती उडून खिडकीच्या गजांवर बसते, ती तर त्याच्या हिशेबातही नसते. आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री गल्लोगल्ली उडणाऱ्या फटाक्यांची आग इतकी विखुरलेली व क्षणिक असते, की आगीच्या नकाशावर तिचा ठिपका उमटत नाही. दिवाळीच्या रात्री आकाशातला साक्षीदार बव्हंशी गप्प असतो, म्हणून आपण निर्दोष ठरतो असे नव्हे!

त्या रात्रीची साक्ष देतात ती जमिनीवरची यंत्रे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१० साली दिल्लीत ‘सफर’ ही हवेच्या गुणवत्तेची पाहणी व अंदाज देणारी योजना सुरू केली आणि २०१५ साली ती मुंबईत आणली. ठिकठिकाणची यंत्रे हवा ओढून घेतात व तिच्यातले बारीक कण मोजतात. यंत्र सांगते धूर किती, उपग्रह सांगतो तो कोठून निघाला, आणि वाऱ्याचा हिशेब सांगतो तो कोणत्या वाटेने आला. या तिघांची साक्ष जुळली, तरच निकाल पक्का.

हा निकाल घरबसल्या पाहता येतो, हे विशेष. उपग्रहांची चित्रे आणि आगीचे नकाशे आज सर्वांना मोफत खुले आहेत. शाळकरी मुलालाही संगणकावर कालचे चित्र काढून मुंबईवर बोट ठेवता येईल. दिवाळीच्या सुटीत किल्ला बांधून झाला, की मुलांना हा एक नवा खेळ द्यायला हरकत नाही. सकाळी धूर दिसला की वाऱ्याची दिशा टिपायची, यंत्राचा आकडा लिहायचा, चित्र पाहायचे आणि मग सांगायचे: धूर, धुके की धूळ?

बहुतेक वेळा उत्तर फार दूरचे निघणार नाही. कधी ते देवनारचे असेल, कधी इमारतीमागे कुणी पेटवून दिलेल्या पाचोळ्याच्या ढिगाचे. ओला केर आणि सुका केर वेगवेगळा द्यावा, हा नियम २०१६ सालापासून साऱ्या देशाला लागू आहे. तो पाळण्याने एका दिवसात आकाश निवळणार नाही. पण ओला केर घराच्या आवारातच जिरला, तर तेवढा मिथेन कचऱ्याच्या डोंगरात साचणार नाही आणि पुढच्या आगीला तेवढे इंधन कमी पडेल. एवढे तर दादरच्या कोणत्याही बिऱ्हाडाला करता येण्याजोगे आहे. त्यासाठी वर उपग्रह असण्याची वाट पाहावी लागत नाही.